टोस्टमास्टर्सच्या मीटिंगला पाहुणी म्हणून जाऊ का?

कोथरूडकरीण: मैत्रीण शनिवारी टोस्टमास्टर्सला, म्हणजे भाषणाचा सराव करायच्या क्लबला, ओढून नेणार आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. पाहुण्यांनाही उभं करतात म्हणे! आणि ते दिवे कसले?

टायमरबाई: बिनधास्त जा गं. ‘टेबल टॉपिक्स’साठी पाहुण्यांना विचारतात, पण ‘नको’ म्हटलं की विषय संपला. त्यात आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर थोडक्यात बोलायचं. १ मिनिटाला हिरवा दिवा, दीडला पिवळा, २ ला लाल. वर ३० सेकंदांची सवलत. परवा आमच्याकडे एका काकांना विषय आला, ‘तुमची छत्री बोलू लागली तर?’ त्यांची छत्री थेट सासूच्या सुरात सुरू झाली, ‘मला रिक्षात विसरलात, तेव्हा नाही आली आठवण?’ लोक हसून लोळले. लाल दिवा लागल्यावर ‘बोलू द्या हो’ असा ओरडा झाला. मी ढिम्म. नियम म्हणजे नियम!

ठाणेकर_गप्पिष्ट: टायमर परवडला, आमचा आह-काउंटर बघा. प्रत्येक ‘अं’, ‘म्हणजे’ मोजतो आणि शेवटी सगळ्यांसमोर आकडे वाचतो. तयार भाषण बहुधा ५ ते ७ मिनिटांचं, त्यावर २-३ मिनिटांचं मूल्यमापन. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडलींनी सुरू केलेली पद्धत ही.

कोथरूडकरीण: मराठीत बोललं तर चालेल?

टायमरबाई: भाषा क्लब ठरवतो, आधी विचारून घे. आणि पुढच्या रांगेत बस, मागे पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.