‘ग्लाइड’ होणं म्हणजे नेमकं काय होणं?

प्रश्न : मुलांच्या एका गोष्टीचं भाषांतर करतेय. त्यात हंस तळ्यावर ‘ग्लाइड’ होतो, पुढच्या पानावर उडती खार या झाडावरून त्या झाडावर ‘ग्लाइड’ होते, आणि शेवटी आजीबाईही खोलीत तशाच येतात. हंसाला ‘तरंगत गेला’ लिहून टाकलं. खारीला ते जमेना, आजीबाईंना तर नाहीच नाही. तिन्हीकडे चालेल असं एखादं क्रियापद आहे का?

उत्तर : नाही, आणि शोधूही नका. तरंगण्याला पुढे जावंच लागत नाही, ओंडकाही तरंगतो. घसरण्यात ताबा सुटतो. आजीबाई खोलीत घसरल्या म्हटलं की वाचणारं पोर आधी विचारणार, लागलं का? सरकायला खाली काहीतरी टेकू लागतो, शिवाय बाकावर ‘जरा सरका’ म्हणणारी माणसं आठवतात. ‘विहरणे’ छान, पण विहरणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं. खारीला समोरचं झाड गाठायचंय.

इंग्रजी शब्दातली गोम अशी, की हालचाल दिसते पण तिच्यामागची खटपट दिसत नाही. हंसाचे पाय पाण्याखाली चालूच असतात. खार तर खऱ्या अर्थाने उडतच नाही. पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून झेपावते आणि उंची खर्चून अंतर कापते. म्हणून ती उंच फांदीवरून निघते आणि पलीकडे खालच्या अंगाला पोचते.

मराठी भाषा ही सफाई क्रियापदात फारशी ठेवत नाही, त्याच्या आधीच्या शब्दात ठेवते. आमच्याकडे सुताराने ड्रॉवरला नवं चॅनेल बसवलं, एका बोटाने ढकलून दाखवलं आणि म्हणाला, ‘बघा, कसा सुळकन जातो!’ क्रियापद साधं ‘जातो’. साप सुळकन बिळात जातो, पान अलगद खाली येतं. फक्त ‘सुळकन’ला घाई असते, ते आजीबाईंना लावू नका.

आणखी एक उत्तर : घारीला मात्र ‘ग्लाइड’ हा शब्द सरसकट चिकटवू नये. पंख न हलवता ती वर चढताना दिसते ती खालून येणाऱ्या गरम हवेच्या जोरावर. त्याला इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात. आपण ‘घिरट्या घालते’ म्हणतो, म्हणजे आपलं लक्ष त्या वर्तुळाकडे.

विमानाचं उलट. १९८३ साली एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ चं इंधन भर आकाशात संपलं. इंधन मोजताना किलो आणि पौंडाचा घोळ झाला होता. दोन्ही इंजिनं बंद पडली, तरी वैमानिकांनी ते कॅनडातल्या गिमली गावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, आणि त्या विमानाला ‘गिमली ग्लायडर’ हेच नाव पडलं. इथे ‘खाली आलं’ लिहिलंत तर ते पडलं असं वाटेल. ‘इंजिनाविना उतरवलं’ म्हणा.

गाण्यात तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर मधे न तुटता जाणं. पेटीच्या पट्ट्या सुट्या, त्यामुळे तिच्यावर ती निघत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, तेव्हा तिच्यावरच्या आक्षेपांत हाही एक होता.

उत्तर : व्याकरणातही ‘ग्लाइड’ आहे की! य आणि व, म्हणजे आपले अर्धस्वर. ‘धुऊन’ हळू म्हणून बघा. उ आणि ऊ यांच्यामध्ये ओठ गोलच राहतात आणि एक पुसटसा ‘व’ आपोआप येतो. म्हणून निम्मे लोक ‘धुवून’ लिहितात. नियमाने धातूत ‘व’ असेल तरच ‘वून’, जसं जेव-जेवून, ठेव-ठेवून. ‘धू’मध्ये नाही म्हणून ‘धुऊन’. मला विचाराल तर त्या चुकीत कान शाबूत असल्याचा पुरावा आहे. (तपासताना मार्क मात्र कापते.)

प्रश्नकर्ती : आजीबाई ‘पाऊल न वाजवता आत आल्या’. खार ‘अंग पसरून पलीकडच्या खोडावर अलगद टेकली’. हंसाचं अडलंय. ‘संथ गेला’ म्हटलं की दमल्यासारखा वाटतो.

उत्तर : मागच्या पाण्याकडे बघा. ‘हंस पाण्यावर रेघ ओढत गेला.’