छापून आलं म्हणजे सिद्ध झालं?

'नामांकित जर्नलमध्ये आलंय, तज्ज्ञांनी तपासलंय, मग शंका कशाला' असं उपचारांवरच्या संशोधनाबद्दल बरेच जण म्हणतात. 'स्टडी ३२९' ही औषधचाचणी पाहा. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध नैराश्यातल्या किशोरवयीन मुलांना लागू पडतं का, हे २७५ मुलांवर तपासलं. खर्च औषध बनवणाऱ्या स्मिथक्लाइन बीचमचा. चाचणीच्या आधी ठरवलेल्या आराखड्यात परिणाम मोजायचे दोन मुख्य आणि सहा दुय्यम निकष होते. आठांपैकी एकावरही औषध प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही. मग आराखड्यात नसलेले निकष पुढे आले आणि २००१ च्या निबंधात औषध 'परिणामकारक' झालं! आत्महत्येचे विचार, प्रयत्न? ते 'भावनिक अस्थिरता' या खात्यात जमा. २०१५ साली कच्चा डेटा नव्याने तपासला, तेव्हा परिणामाचा आणि सुरक्षिततेचा असे दोन्ही दावे कोसळले.

जर्नलसाठी निबंध तपासणाऱ्या समीक्षकापुढे सहसा फक्त हस्तलिखित असतं, त्यामुळे त्याला हे दिसत नाही.

म्हणून आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधा (भारतातली असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत). नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का? मुख्य निकष कोणत्या मोजपट्टीवर, कितव्या आठवड्याला मोजणार होते? तेच निबंधात आहे का, की बारावा आठवडा गुपचूप आठवा झाला?

आणि समुपदेशनाच्या चाचण्यांना सोवळं समजू नका. तिथे बऱ्याचदा पद्धतीचा जनकच संशोधक असतो, तिची प्रशिक्षणं तोच विकतो आणि तुलना होते उपचारासाठी नुसत्या वेटिंग लिस्टवर ठेवलेल्यांशी. वाट बघत बसलेल्यांपेक्षा सरस ठरणं फार अवघड नसतं. हितसंबंधांच्या रकान्यात मात्र 'काही नाही'.