टायटनच्या पोटातलं इंजिन

'जुने डंपर म्हणजे नुसता धूर आणि खडखडाट, गेले ते बरंच झालं' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. टेरेक्स ३३-१९ टायटन हा अजस्र डंपर आठवा! १९७४ साली जनरल मोटर्सने कॅनडात बनवलेला, आणि तोही एकच. १० टायर, सुमारे ३१७ टन माल. पोटात चक्क रेल्वे इंजिनातलं १६ सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३,३०० अश्वशक्तीचं. ते चाकांना जोडलेलंच नव्हतं. ते जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवर मागच्या चाकांच्या मोटारी चालायच्या. आजचेही कित्येक अजस्र डंपर असेच चालतात, म्हणजे धूर-खडखडाटापलीकडे काहीतरी होतंच ना! १९९१ मध्ये तो थांबला. आता कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या स्पारवूड गावात रंगरंगोटी करून उभा आहे, पण इंजिन काढून घेतलेलं. तेवढं मात्र जिवाला लागतं.