आज देव कुठे दिसला? आगमनकाळातले अनुभव लिहा

नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ सुरू झालाय. आपल्या गटाने यंदा एकच काम घेतलंय. रोज रात्री झोपण्याआधी सगळा दिवस आठवायचा आणि देव कुठे जाणवला ते चार ओळींत लिहायचं. जागा, वेळ, माणसं काय करत होती, एवढं यावं. ‘देव चराचरात आहे’ हे आपण मानतोच, ते नको. आज कोल्हापूरच्या बिंदू चौकात काय दिसलं ते लिहा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी १६व्या शतकात आपल्या सोबत्यांना दिवसाची अशीच उजळणी शिकवली होती. आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती लावतात, त्यातली आशेची पहिली लागली आहे. येऊ द्या तुमचं.

रात्रपाळीची परिचारिका
पहाटे चारच्या सुमाराला वॉर्डाबाहेर दोन बायका सतरंजीवर बसलेल्या. एक गडहिंग्लजकडची, दुसरी कुठली ते कळलं नाही. तिचा मुलगा आत अत्यवस्थ होता. पहिलीने फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी तिच्या हातात दिली आणि चटणी तिच्याकडे सरकवली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी सलाईन बदलायला आत गेले, पण देवळात प्रभुभोजनाची भाकर घेताना आता ती सतरंजी आठवणार.

उद्यमनगर, फौंड्री कामगार
आमच्याकडं नवीन पोरगं आलंय. साच्याची वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडायचा; कडा स्वच्छ मोडली की ओल बरोबर. ओल जादा झाली तर तापलेला रस उसळतो, माणूस भाजतो. पोराला काय ते जमंना. मिस्त्री दर खेपेला त्याची मूठ स्वतःच्या हातात धरून दाबून दाखवत हुते. आवाज एकदाबी चढला न्हाई. देव माझ्याशी असाच वागत आलाय, हे आज कळलं.

कॉलेजची विद्यार्थिनी
आज काही नाही. कालही नव्हतं.

तिला उत्तर, शाहूपुरीतली आजी
बाळ, तेच लिही. १३वं स्तोत्र ‘कोठवर?’ असं विचारतच सुरू होतं, आणि ते पवित्र शास्त्रात आहे. वाट बघणं हाच तर आगमनकाळ. रविवारी माझ्याशेजारी बस.

अंगणवाडी सेविका, कसबा बावडा
जरा मोठं लिहिते. गळीत हंगाम सुरू आहे, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आल्यात. ताडपत्रीच्या एका खोपीत बाळंतीण आहे असं कळलं म्हणून वजनकाटा घेऊन गेले. या कामात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. बाई बसली की फेडायचं ओझं वाढतं. नवरा पहाटेच फडात गेलेला. शेजारच्या खोपीतल्या बाईलाही मोळ्या बांधायला जायचं होतं, तरी तिने त्या थंडीत चूल पेटवून पाणी तापवलं, बाळाला न्हाऊ घातलं, स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं आणि मग गेली. त्यांचं नातं काही नाही, गावंही वेगळी. बाळ अडीच किलोच्या वर भरलं. मला बसायला आईने पोतं अंथरलं, चहा केला. ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’ हे येशूच्या जन्माच्या गोष्टीतलं वाक्य दर नाताळात देवळात ऐकते. यंदा ते वाचलं जाईल तेव्हा मला त्या शेजारणीचा चेहरा दिसेल. ती गोष्ट सांगणाऱ्या लूकने तिच्यासारख्या कुणाचं लिहिलेलं नाही, पण बेथलेहेमात कुणीतरी पाणी तापवलं असणारच.

गटाकडून
बावड्याचं वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या, दुपटी असतील तर धुऊन शनिवारपर्यंत आणून द्या. रविवारी उपासना झाली की सेविकाताईंबरोबर खोप्यांवर जाऊ. आणि हो, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांनी लिहिलं तर चालेल का, असं विचारलंय. जरूर लिहा, आम्हाला ते वाचायचंच आहे.