अनुभव धागा: कमी खर्चात घर चोरांपासून कसं राखता?

घरफोडी टाळण्यासाठी तुम्ही स्वतः केलेलं, फारसा खर्च न आलेलं आणि प्रत्यक्ष वापरात असलेलं काही असेल तर इथे लिहा. कॅमेरे, ॲपवरची कुलपं, पगारी पहारेकरी नकोत. ते विकणारे स्वतःहून दारात येतात. ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांनी चोर कुठून शिरले तेवढं सांगितलं तरी पुष्कळ, काय गेलं ते सांगू नका. घर ओळखू येईल असा तपशीलही टाळा.

रंधा

सुतारकाम करतो. चोरीनंतर दार दुरुस्त करायला बोलावणी येतात, त्यामुळे फुटलेली दारं बरीच पाहिली आहेत. कुलूप क्वचितच तुटलेलं असतं. फुटते ती चौकट. कुलपाची जीभ चौकटीवरच्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी बहुतेक वेळा दोन आखूड स्क्रूंवर तगलेली असते. दोन लाथा बसल्या की लाकडाची ढलपी निघते आणि कुलूप शाबूत असतानाच दार उघडतं. लोक मात्र त्यानंतर आणखी भारी कुलूप आणतात!

ते दोन स्क्रू काढा आणि तीन इंची (७५ मिमी) घाला, चौकट ओलांडून भिंतीत पोचतील असे. भिंत विटांची असेल तर आधी ड्रिल करून प्लग बसवावा लागतो. लाकडाला आधी बारीक भोक पाडा, नाहीतर चोराआधी तुम्हीच चौकट चिराल. बिजागऱ्यांचाही एकेक स्क्रू लांब घाला.

कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही जाड असो, स्क्रू ड्रायव्हरने काम भागतं. मिटल्यावर स्क्रू झाकणारा कोयंडा मिळतो. नाहीतर दारातून आरपार बोल्ट घालून आतून नट आवळा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्याही बाहेरच असतात. त्यांची पिन ठोकून काढली की दार कुलपासकट बाजूला. यावर उपाय म्हणजे बिजागरीकडच्या कडेला एक जाड स्क्रू अर्धा बाहेर ठेवून त्याचं डोकं कापायचं आणि समोर चौकटीत तेवढंच भोक पाडायचं. दार मिटलं की ती खुंटी आत जाते. मग पिन काढली तरी दार निघत नाही.

तळमजला

आमच्याकडे खिडकीतून आले. काच फोडलीच नाही. सरकती खिडकी उचलून रुळातून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली, अगदी व्यवस्थित. आता खालच्या रुळात मापाची काठी असते. पण काठी फक्त सरकवणं अडवते, उचलणं नाही. म्हणून वरच्या रुळात दोन स्क्रू असे घातलेत की डोकी जराशी खाली येतात आणि पल्ला वर उचलायला जागाच उरत नाही.

भाडेकरू

मालकाला भिंतीत भोक चालत नाही, त्यामुळे रंधादादांचं सगळं वाचून नुसती हळहळ. माझ्याकडे दाराखाली सरकवायची सायरनवाली पाचर आहे. दार आत उघडणारं असेल आणि आपण घरात असू तरच तिचा उपयोग. बाहेर जाताना चुंबकवाला छोटा अलार्म चालू करते, तो चिकटपट्टीने बसतो.

सोल्डरगन

त्या अलार्ममध्ये रीड स्विच असतो. बारीक काचेच्या नळीत लोखंडाच्या दोन पात्या, चुंबक जवळ असेपर्यंत चिकटलेल्या. दार उघडलं की चुंबक लांब जातो, पात्या सुटतात आणि भोंगा वाजतो. बेल लॅब्जमधल्या एलवुड यांनी १९३६ मध्ये काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते. बॅटरी मात्र अधूनमधून तपासा.

हालचालीवर लागणाऱ्या दिव्याबद्दलही सांगतो. त्याचा सेन्सर अंगाची उष्णता टिपतो आणि ती साध्या काचेतून पार होत नाही. अंगणावर नजर ठेवायला तो खिडकीच्या आत बसवला तर काही उपयोग नाही. मांजर मात्र त्याला बरोबर दिसतं.

वाचनखूण

सगळे कुलपांवर बोलताहेत म्हणून वेगळं लिहिते. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला. नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर चोरांना खुणावत, ते काढले. ज्यांच्याकडे आधीच चोरी झाली होती त्या घरांची दारं-खिडक्या पक्क्या केल्या आणि त्यांच्या अगदी लगतच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या तीन वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. चोरी झालेल्या घरात पुन्हा चोरी होण्याचा धोका लगेचच्या काळात जास्त असतो, हे त्यामागचं गणित. ‘आता कशाला येतील’ म्हणून दुरुस्ती लांबवू नका.

तळमजला

खरं आहे. आमच्याही दुसऱ्या खिडकीवर नंतर खटपटीच्या खुणा दिसल्या. तेव्हा स्क्रू होते.

रातपाळी

माझं घर रात्री रिकामं असतं. टायमरवर आतला दिवा आणि रेडिओ. गाणी नाही, गप्पांचं केंद्र. बाहेरचा दिवा चोवीस तास चालू ठेवणाऱ्यांनी मात्र विचार करावा. भर दुपारी जळणारा दिवा घरात कोणी नसल्याचीच पाटी लावतो. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. आणि शिडी अंगणात पडलेली असेल तर आधी तिला साखळी घाला.

गच्चीवाला

खिडकीखाली खडी पसरली आहे. पावलागणिक करकर. कुत्र्यालाही जाग येते, मलाही.

शिडी

अग्निशमन दलात होतो, म्हणून जरा दटावतो. ग्रिलबंद घरातून माणसं बाहेर काढणं फार अवघड जातं. निदान एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं हवंच. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली काढून कपाटात ठेवू नका. धुरात सापडत नाही.

भाडेकरू

काका, किल्ली तिथेच लटकवली तर बाहेरून हात घालून काढतील ना?

शिडी

खिडकीपासून दोन हात लांब, कंबरेच्या उंचीवर अडकवा. धुरात वाकूनच यावं लागतं. मग बाहेर जाऊन गजातून वाकवलेली तार घालून ती निघते का बघा. निघाली तर जागा बदला. आणि घरातल्या सगळ्यांना, लहानांनासुद्धा, दिवे बंद करून ते कुलूप एकदा उघडायला लावा.