‘तुमची भाजी तुम्हीच तोडा’: अनुभव की लूट?

पर्वतीकर: काल सासवडकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात सहकुटुंब गेलो होतो. माणशी 300 रुपये प्रवेश, तोडलेल्या भाजीचे वेगळे. भेंडी 120 रुपये किलो! उन्हात आम्हीच तोडायची आणि मंडईच्या दुप्पट भावाने आम्हीच घ्यायची? उलट मजुरी आम्हाला द्या.

बांधावरून: मजुरी हवी ना? मग पहाटे साडेपाचला या. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो, एक चुकला की भेंडी जून झालीच. लव हाताला लागून खाज सुटते, म्हणून बायका पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून तोडतात. माझ्याकडेही शनिवार-रविवारी शहरातली मंडळी येतात. देठ कापायचा सोडून भेंडी ओढतात, झाडाचा शेंडाच हातात येतो. बोटाएवढी कोवळी तोडतात आणि वजनकाट्यापाशी आल्यावर ‘ही नको’ म्हणून टाकून देतात. फोटो काढताना पाय ठिबकच्या नळीवर. ते 300 रुपये या नासधुशीचे समजा.

पर्वतीकर: म्हणजे गुन्ह्याआधीच दंड! छान. शेतकऱ्याचे कष्ट मान्यच आहेत हो, पण कष्ट म्हटलं की भाव विचारायचाच नाही का?

आडतमुक्त: 2016 साली सरकारने भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, म्हणजे समितीबाहेर थेट विकायची मोकळीक दिली, तेव्हा ‘शेतकऱ्याला जास्त, गिऱ्हाइकाला स्वस्त’ असं ऐकवलं होतं. कुठंय ते स्वस्त?

बांधावरून: 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा केवढी बोंब! सप्टेंबरात आम्ही तोच रस्त्यावर ओतला, तेव्हा कुठे होतात सगळे?

दोन पोरांची आई: भांडा तुम्ही. माझ्या पोरांनी वांग्याचं जांभळं फूल पहिल्यांदा पाहिलं. धाकट्याने काकडी तोडली, शर्टाला पुसली आणि तिथेच खाल्ली. 300 रुपये वसूल.

फवारा: न धुता? आदली फवारणी कधीची होती, विचारलंत? औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. एक दिवसाआड तोड्याच्या पिकात ते किती जण पाळतात, हे मला सांगू नका. मी कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसलोय.

बांधावरून: आणि ती औषधं विकली कोणी? आमच्या आज्याने? गिऱ्हाइकाला वांग्यावर टाचणीएवढं भोक चालत नाही. मी मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावतो, अळीने सुकलेले शेंडे खुडून लांब नेऊन पुरतो. तरी अळी येतेच. अशी चार वांगी मंडईत नेऊन दाखवा, कोण घेतं बघू.

फवारा: विकली, नाही कुठे म्हणतोय. सापळ्याचं कौतुकच आहे. पण शेवटच्या फवारणीची तारीख बांधावर लिहिता का?

बांधावरून: रजिस्टरला लिहितो.

फवारा: पोरं रजिस्टर वाचून काकडी खाणार?

पर्वतीकर: आता मुद्द्यावर आलात. औषधाचं नाव आणि तारीख लिहून पाटी लावा, भेंडीचे 120 बिनतक्रार देतो. प्रवेशाचे 300 मात्र अजूनही लूटच.

बांधावरून: पाटी लावतो. खाली हेही लिहितो, ‘शेंडा मोडल्यास 50 रुपये’.

दोन पोरांची आई: काकडीचं मला आत्ता सांगताय? फवारासाहेब, आता त्या पर्यटन केंद्रात फोन करून नेमकं काय विचारू?