सातवा महिना, एचबी (हिमोग्लोबिन) ८.४, आणि दिवाळीनंतर ऊसतोड. काय करू?

नवी_सीएचओ
नमस्कार. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून नुकतीच रुजू झालेय. माहेर सांगलीचं, त्यामुळे इथली पावरी बोली थोडीफारच कळते, बोलता येत नाही.

एका बाईबद्दल विचारायचंय. तिसरी खेप, सातवा महिना, वजन ३८ किलो, एचबी ८.४. धाकटं पोर दीड वर्षाचं, अजून अंगावर पितं. अमृत आहाराचं (गरोदर आणि बाळंतिणींना एक वेळचं ताट देणारी सरकारी योजना) जेवण ती अंगणवाडीत बसून जेवत नाही, डब्यात नेते आणि घरात सगळे वाटून खातात. लोहाच्या लाल गोळ्या घेते म्हणते, पण पाकिटं कुडाला खोचलेली दिसली. सासूचं म्हणणं, गोळ्यांनी पोर मोठं होतं, मग सुटका होत नाही. त्यात मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी गुजरातेत तोडीला जाणार. मी कॅलरी-प्रथिनांचा तक्ता दाखवून बोलले. सगळ्या मान हलवतात, करत कुणीच नाही.

नियमाने_चला
डबा बंद करा. जेवण केंद्रातच द्यायचं असतं. सेविकेला एक नोटीस गेली की सगळं सुरळीत होईल.

निवृत्त_मुख्यसेविका
नोटीस नका काढू हो ताई. सेविकेला त्याच गावात राहायचंय. नोटिशीनंतर रजिस्टरवर सगळ्या बायका केंद्रात जेवलेल्या दिसतील, एवढाच फरक पडेल.

माझी नोकरी अक्कलकुव्याकडे गेली. बाई डबा का नेते ते आधी बघा. घरी दोन पोरं उपाशी, सासू शेतातून आलेली नाही, आणि हिने चारचौघींत बसून अंडं खायचं? तिला घास उतरत नाही. धाकट्याला बरोबर आणायला सांगा. सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या पोरांना याच योजनेत अंडं किंवा केळं असतं, ते त्याला त्याच्या वारी तिथेच द्या. आणि वेळ तिला विचारून ठरवा. बायका शेतात असताना ताट वाढलं तर डबाच जाणार. आम्ही एक तडजोड करायचो: अंडं, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू समोर बसून खायचा, भाकरी-भात डब्यात गेला तरी चालेल. नियमात बसत नाही, पण पोटात जायचं.

सासूला अडाणी समजू नका. जिथून दवाखाना डोंगरापलीकडे आहे तिथे अडलेली बाई मेलेली तिने पाहिलेली असते. कमी खा, पोर लहान राहील, हा तिचा त्यातूनच काढलेला उपाय. तिच्याशी पोराच्या वजनाबद्दल बोलूच नका. बाळंतपणात किती रक्त जातं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. गोळी त्या रक्तासाठी आहे, एवढंच सांगा, आणि गोळ्यांचं पाकीट तिच्याच हातात द्या. शी काळी होते हेही आधीच सांगा. कुणी सांगत नाही, मग बाया घाबरून गोळी सोडतात.

पीएचसी_डॉक्टर
वरच्या ताईंशी सहमत. उपचाराचं थोडं सांगतो.

सगळ्यात आधी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का बघा. नंदुरबारमध्ये हे विसरून चालत नाही. ८.४ म्हणजे मध्यम रक्तक्षय (७ ते ९.९). रोज दोन लोहाच्या गोळ्या, महिन्याने परत एचबी. निदान १ ग्रॅम वाढलं नाही तर शिरेतून लोह. ही बाई गोळ्या घेतच नाही आणि दिवसही थोडे उरलेत, तेव्हा महिनाभर वाट न बघता आताच वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. गोळी चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी लोहापासून किमान दोन तास लांब.

तक्त्याबद्दल: गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, पाजताना पहिले सहा महिने ६००. आणि आपल्याकडे नेमकी बाळंतिणीलाच भात आणि पातळ वरणावर ठेवतात! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० च्या दशकात अभ्यास झाला, त्यात बाळाच्या वजनाचा संबंध एकूण कॅलरीपेक्षा पालेभाजी, फळं आणि दुधाशी जास्त दिसला. तेव्हा कॅलरीचं राहू द्या, अंबाडीच्या भाजीचं बोला.

आणि अशक्त बाईला दूध येत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आणा, असं कोणी म्हणालं तर अडवा. दूध येतंच, शरीर स्वतःला झिजवून देतं. त्यातलं बी-१२, अ जीवनसत्त्व, आयोडीन मात्र आईच्या खाण्यावर असतं. धाकट्याला आत्ता तोडायलाच हवं असंही नाही, पण त्याला वरचं पोटभर खाऊ दे.

नवी_सीएचओ
तिच्या कार्डावर सिकलसेलचा रकाना कोरा आहे. उद्याच करून घेते. पण ऊसतोडीचं काय? तारीख अगदी दिवाळीच्या आसपासची आहे.

निवृत्त_मुख्यसेविका
म्हणजे ओली बाळंतीण फडात. 'जाऊ नको' म्हणून भागत नाही, उचल जोडीवर घेतलेली असते. नवऱ्याला गाठा. दीर किंवा भाचा तिच्या जागी कोयत्याला लागेल का विचारा, तसं करतात लोक. ती मागे राहिली तर बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं ताट तिच्या हक्काचं आहे. गेलीच, तर पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीचं सरकारी ॲप) स्थलांतराची नोंद करा, गोळ्या बरोबर द्या, आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा. फडावरच्या कोपीत (झोपडीत) कार्ड भिजतं.